तीन वादक, चार गायिका

साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याची कलमेही वाचावीत असे कोणी सुचवत नाही. सुचवले तरी ती कोणी वाचणार नाही. भाषा रुक्ष, वाक्य अर्ध्या पानाचे, क्रियापद शोधायचे तर ओळींखाली बोट ठेवून जावे लागते. तरीही एक कलम आम्ही गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा वाचत आलो आहोत. ते न्यूयॉर्क शहराच्या नगरनियमांतले आहे, आणि २०१७ साली ते रद्द झाले. कलेविषयी एखाद्या नगरसभेने नकळत लिहिलेला इतका तपशीलवार निबंध आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

कलमाचा आशय थोडक्यात असा. लोकांना खाणेपिणे विकणाऱ्या कोणत्याही जागेत गाणे, वाजवणे, नाचणे किंवा तत्सम करमणूक होत असेल, तर ती जागा 'कॅबरे' ठरते आणि तिला वेगळा परवाना लागतो. मग अपवाद येतो. संगीत केवळ 'आनुषंगिक' असेल, त्यासोबत नाच नसेल, आणि ते यंत्रावर वाजत असेल किंवा जास्तीत जास्त तीन माणसे पियानो, ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन, गिटार अथवा एखादे तंतुवाद्य वाजवत असतील, तर परवान्याची गरज नाही. गाणारा हवा असल्यास एकच. त्याने आपली साथ आपणच करावी, नाहीतर वरच्या यादीतले वाद्य वाजवणारा एक साथीदार घ्यावा. अपवादाचे हे रूप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस स्थिरावले आणि पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे टिकले.

हा नियम आपल्याकडच्या साध्या घरगुती मैफलीला लावून पाहावा. गवई, तबलजी, पेटीवाला आणि मागे तानपुऱ्यावर बसलेला एक शिष्य. तबला यादीत नाही, म्हणून तबलजी उठला. पेटीला अ‍ॅकॉर्डियनची बहीण मानून उदारपणे आत घेतले, तरी साथीदार एकच चालतो. तेव्हा पेटी ठेवायची की तानपुरा, हे गवयाने ठरवायचे. सनई तर पहिल्याच फटक्यात बाद. आणि एवढे करूनही ऐकणाऱ्यांनी पानातला घास तसाच ठेवून गाण्याकडे मान वळवली, तर संगीत 'आनुषंगिक' राहिले की नाही हा प्रश्न उरतोच.

आमचे लक्ष खरे वेधले ते याच शब्दाने. आनुषंगिक म्हणजे मुख्य कार्याच्या सोबतीने येणारे. संगीताने जेवणाची सोबत करावी, जेवणाने संगीताची सोबत करू नये, अशी नगरसभेची अपेक्षा. एखादी कृती पार्श्वभूमीत आहे की केंद्रात, हे ठरवणे समीक्षकांनाही जड जाते. न्यूयॉर्कमध्ये ते काम परवाना-निरीक्षकावर सोपवलेले होते. त्याने ते मोजून केले. माणसे मोजली, वाद्ये मोजली.

यादीत काय नाही हे पाहिले की यादी कोणासाठी होती ते उमगते. ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही, ट्रॉम्बोन नाही, ड्रम नाही. म्हणजे जॅझ नाही. मूळ कायदा १९२६ चा, जिमी वॉकर महापौर असतानाचा. हे गृहस्थ स्वतः रात्रीच्या मैफलींचे शौकीन म्हणून प्रसिद्ध होते, ही गंमत जाता जाता नोंदवून ठेवू. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी चालू होती. ती १९३३ मध्ये उठली. कायदा करणाऱ्या समितीचा अहवाल आजही वाचायला मिळतो. बाहेरून आलेले उच्छृंखल पाहुणे आणि त्यांच्या नादी लागलेले गावातले मूर्ख यांचा लगाम जरा खेचायला हवा, असा त्याचा सूर आहे. या काळात हार्लेममधील काळ्या वादकांच्या क्लबांत गोरे गिऱ्हाईक गर्दी करू लागले होते. काळी आणि गोरी माणसे एकाच जमिनीवर नाचतात याची धास्ती त्या सुरामागे होती, असे या कायद्याचे इतिहासकार आणि त्याच्याविरुद्ध लढलेले वकील पॉल शेविन्यी यांचे प्रतिपादन आहे. १९९१ च्या त्यांच्या पुस्तकाने हा विषय प्रथम सलगपणे मांडला. कायद्यात वंशाचा उल्लेख कोठेही नाही. वाद्यांचा आहे.

पुढे परवान्यांचे काम पोलिसांकडे गेले, आणि १९४० पासून जागेच्या परवान्यासोबत माणसाचाही परवाना सुरू झाला. दारू विकणाऱ्या क्लबात काम करायचे तर गायक, वादक, वाढपी, आचारी अशा सर्वांनी पोलिसांकडे जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, छायाचित्र द्यायचे आणि 'कॅबरे कार्ड' घ्यायचे. दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण. पूर्वी कधी शिक्षा झालेली असेल, विशेषतः अमली पदार्थांच्या गुन्ह्यात, तर कार्ड नाकारता येई किंवा काढून घेता येई. कार्ड गेले की शहरातील क्लबांची दारे बंद. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर सुरू होणारी ही दुसरी शिक्षा. हिची मुदत कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसे.

बिली हॉलिडे हिचे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण त्यातला एक तपशील सहसा निसटतो. १९४७ मध्ये तिला शिक्षा झाली. मार्च १९४८ मध्ये ती सुटली, आणि त्यानंतर जेमतेम दहा दिवसांनी कार्नेगी हॉलमध्ये खच्चून भरलेल्या सभागृहापुढे गायली. तिथे कार्ड लागत नव्हते, कारण तिथे श्रोत्यांच्या हातात पेला नव्हता. तीच गायिका, तोच आवाज, तीच गाणी. पण ज्या लहान क्लबांत तिचे नाव झाले, जिथे टेबले इतकी जवळ की गायिकेचा श्वास ऐकू यावा, तिथे तिला उभे राहता येईना. १९५९ मध्ये ती वारली तोवर तिला न्यूयॉर्कचे कार्ड परत मिळालेले नव्हते. प्रतिष्ठित सभागृहात ती कलावंत होती आणि क्लबात गुन्हेगार. हा फरक तिच्यात नव्हता. श्रोत्यांच्या खुर्चीपुढे टेबल आहे की नाही, एवढ्यावर तो ठरत होता.

थेलोनियस मंक या पियानोवादकाचे कार्ड १९५१ मध्ये गेले. तो मित्रासोबत गाडीत बसलेला असताना पोलिसांना हेरॉइन सापडले आणि त्याने कोणाचेही नाव सांगण्यास नकार दिला. पुढची सहा वर्षे न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला नियमित काम नव्हते. जॅझ ही कला मुद्रिकांपेक्षा रोजच्या रात्रीच्या वाजवण्यात घडते. तेच तीन-चार साथीदार, तीच जागा, आठवड्यातून पाच-सहा रात्री. एकमेकांच्या चुका ऐकत, त्यांतून वाट काढत जाणे. १९५७ मध्ये कार्ड परत मिळाले आणि मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील फाइव्ह स्पॉट नावाच्या एका बारमध्ये मंक वाजवू लागला. त्या उन्हाळ्यात जॉन कोल्ट्रेन त्याच्यासोबत होता. चित्रकार, कवी, शेजारपाजारचे वादक असे सगळे तिथे जमत. हे काही महिने जॅझच्या इतिहासात किती मोठे मानले जातात हे सांगायला नको. आम्हाला मात्र त्याआधीची सहा वर्षे आठवत राहतात. त्या वर्षांत काय वाजवले गेले असते याचा हिशेब कोणत्याही इतिहासात मांडता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, दुसऱ्या एका राज्यात झालेल्या अटकेवरून कार्ड पुन्हा गेले.

चार्ली पार्करचे कार्डही १९५१ मध्येच गेले. १९५३ मध्ये त्याने राज्याच्या मद्य प्राधिकरणाला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपला व्यवसाय करण्याचा हक्क आपल्यापासून हिरावला गेला आहे आणि काही अपराध नसलेली बायको व मुले त्याचे परिणाम भोगत आहेत, असे त्याने त्यात म्हटले आहे. सॅक्सोफोनवर एका पिढीचे संगीत बदलून टाकणाऱ्या माणसाचे हे अर्जवजा पत्र. कलावंतांची पत्रे आम्ही सौंदर्यविचारासाठी वाचतो. अशी पत्रे त्या संग्रहांत सहसा नसतात. १९६० मध्ये लॉर्ड बकली या विनोदी कथनकाराचे कार्ड पोलिसांनी जप्त केले आणि काही आठवड्यांतच तो मरण पावला. त्यातून मोठा गहजब झाला. तरी कार्डपद्धत बंद व्हायला १९६७ साल उजाडावे लागले.

कार्ड गेले, पण वाद्यांची यादी आणि तीनचा आकडा राहिला. त्याविरुद्ध उभा राहिलेला वादी वॉरन शियासन हा व्हायब्राफोन वाजवणारा. हे वाद्य काठ्यांनी आघात करून वाजवायचे, म्हणून तालवाद्यांत धरलेले, म्हणून यादीबाहेर. वादकांची संघटना त्याच्या पाठीशी होती. न्यायमूर्ती डेव्हिड सॅक्स यांनी १९८६ मध्ये वाद्यांतला भेदभाव आणि १९८८ मध्ये तीन वादकांची मर्यादा, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. शहराची बाजू मुख्यतः गोंगाट आणि गर्दी यांवर उभी होती. पण विजेवरची गिटार पूर्ण आवाजात वाजवणारे तिघे कायदेशीर आणि हळुवार बासरी वाजवणारा एकटा बेकायदेशीर, असे ज्या नियमात घडते तो नियम आवाजाविषयी आहे असे म्हणणे कठीण. आवाज मोजायचा तर त्याचे यंत्र असते. त्या यंत्राला वाद्याचे नाव विचारावे लागत नाही.

नाच मात्र अडकूनच राहिला. १९९० च्या दशकात रूडी जुलियानी महापौर झाल्यावर निवांत पडलेला कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि अनेक बारांत 'नाचू नये' अशा पाट्या लागल्या. करमणुकीसाठी लोकांनी आपापसांत नाचणे ही अभिव्यक्ती नव्हे, तेव्हा तिला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. २०१७ मध्ये कायदा रद्द होण्याच्या सुमारास शहरातील अंदाजे २५,००० खाद्यपेयगृहांपैकी अवघ्या ९७ जणांकडे कॅबरे परवाना होता. उरलेल्यांत कोणी नाचतच नव्हते, असे मानायला अर्थातच कोणी तयार नव्हते. शहराच्या भूवापराच्या नियमांतून नाचावरचे निर्बंध निघायला तर २०२४ साल यावे लागले.

एवढे दूरचे आम्ही इतके का सांगत बसलो, असे वाचकांना वाटले असेल. कारण सोपे आहे. 'कॅबरे' हा शब्द मुंबईच्या नियमपुस्तकातही आहे, आणि त्याचे तिथले शेजारी आम्हाला फार जवळचे आहेत. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३३ व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना दिले. त्याखाली १९६० ची नियमावली आहे. चित्रपटगृहे वगळून सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि प्रयोग यांना परवाने देण्याविषयीची ही नियमावली. आणि तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या शेवटी तीन शब्द ओळीने येतात: कॅबरे, मेळे आणि तमाशे. मराठी लोककलांच्या कोणत्याही इतिहासात हे तिघे एका ओळीत सापडणार नाहीत. पोलिसांच्या दृष्टीने ते एकाच जातीचे होते, आणि या बाबतीत पोलिसांची दृष्टी आमच्या वाङ्मयेतिहासापेक्षा अधिक प्रामाणिक होती असे आम्हाला वाटू लागले आहे.

न्यूयॉर्कमध्ये कायदा नगरसभेचा होता. मुंबईत महापालिकेचा वाटा आरोग्य, आग, बांधकाम अशा परवानग्यांपुरता. मद्याचा परवाना उत्पादनशुल्क खात्याचा. आणि करमणुकीचा परवाना पोलीस आयुक्तांचा. १९८० नंतर परमिट रूम आणि बिअर बार यांत हिंदी गाण्यांवर स्त्रिया नाचू लागल्या त्या या परवान्यांखालीच. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमे घातली गेली. पहिल्याने उपाहारगृह, परमिट रूम आणि बिअर बार यांतील नृत्यावर बंदी आली. दुसऱ्याने अपवाद केले: नाट्यगृहे, चित्रपटगृहे व सभागृहे; केवळ सभासदांसाठीची क्रीडामंडळे व जिमखाने; तीन किंवा त्याहून अधिक तारे असलेली हॉटेले; आणि संस्कृती किंवा पर्यटन यांच्या वाढीसाठी सरकार ठरवील अशा इतर जागा.

हे दुसरे कलम साहित्याच्या वर्गात शिकवावे असे आम्ही गंभीरपणे म्हणतो. नृत्य कसे असावे, कसे नसावे, याविषयी त्यात एक शब्द नाही. आहेत ती फक्त ठिकाणे. नाट्यगृहात तिकीट काढून पाहिली तर लावणी, जिमखान्यात सभासदांपुढे झाला तर कार्यक्रम, तारांकित हॉटेलात झाले तर नृत्य, आणि बिअर बारमध्ये झाला तर गुन्हा. बिली हॉलिडेच्या बाबतीत जे खुर्चीपुढच्या टेबलाने ठरले, ते इथे टेबलावरच्या बिलाच्या रकमेने ठरले.

येथे आमची एक कबुली द्यायला हवी. २००५ मध्ये आमच्यातील बहुतेकांना ही बंदी योग्य वाटली होती, निदान तिच्याविरुद्ध बोलावेसे वाटले नव्हते. त्याच वर्षांत आम्ही लावणीच्या शृंगाराविषयी, तमाशा कलावंतांच्या हालअपेष्टांविषयी, मध्यमवर्गीय सोवळेपणाने लोककलेचे केलेल्या नुकसानीविषयी आवडीने लिहीत होतो. लावणी म्हणजे कला, बारमधला नाच म्हणजे धंदा, ही रेघ आमच्या मनात इतकी पक्की होती की ती कोणी ओढली हे विचारायचे सुचले नाही. ती आमच्याच आधीच्या पिढीने ओढली होती. फडातली लावणी नाट्यगृहात आणून, तिच्यापुढच्या बैठकीऐवजी खुर्च्यांच्या रांगा मांडून, दौलतजादा थांबवून तिला सभ्य केले गेले. ज्यांना ती नाट्यगृहाची पायरी चढता आली नाही त्या कलावंत स्त्रियांचे पुढे काय झाले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहिला. ॲना मॉरकम यांनी २०१३ च्या पुस्तकात दाखवले आहे की पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या अनेक समाजांतील स्त्रिया आश्रयदाते संपल्यावर या बारांत आल्या होत्या. समीना दलवाई यांनी २०१९ मध्ये याच बंदीचे वाचन जातीच्या अंगाने केले. बार हा त्या परंपरेचा शेवटचा आसरा होता, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. तिथे शोषण नव्हते असे मात्र आमचे म्हणणे नाही. फडावरही ते होते.

पुढचा न्यायालयीन प्रवास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द केली, पण निर्णयाला स्थगिती मिळाल्याने बारमधले नृत्य बंदच राहिले. सुमारे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेल्याचे न्यायालयांपुढे मांडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. नीतिमत्ता वरच्या वर्गाची मक्तेदारी आणि असभ्यता खालच्या वर्गाचा गुण, ही कल्पना न्यायालयाला पटणारी नाही, अशा अर्थाचे स्पष्ट शब्द त्या निकालात आहेत. सरकारने २०१४ मध्ये यावर काढलेला तोडगा नमुनेदार होता. अपवादांचे कलमच काढून टाकण्यात आले. भेदभाव नको म्हणता ना, मग सर्वत्र बंदी. त्यालाही २०१५ मध्ये स्थगिती मिळाल्यावर २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा आला, आणि त्याच्या आगेमागे अटींची एक लांब यादी.

या यादीत पुन्हा मोजमापे सुरू होतात. मंच किमान १० फूट बाय १२ फूट. भोवती कठडा ३ फूट उंच. कठड्यापासून गिऱ्हाइकाच्या आसनापर्यंत ५ फूट अंतर. शाळा व धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर दूर. मुंबईत असा एक किलोमीटर कोठे सापडेल हे नकाशा घेऊन बसणाऱ्यालाच ठाऊक. नृत्य चालते तिथे मद्य द्यायचे नाही. मालकाचे 'चारित्र्य' चांगले हवे. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यांतल्या अनेक अटी रद्द केल्या: अंतराची, मद्याची, चारित्र्याची, आत कॅमेरे बसवण्याची. नोटा उधळण्यावरची बंदी राहिली. बक्षिसी हातात द्यायला हरकत नाही. वेळ संध्याकाळी ६ ते रात्री ११.३०. आणि २००५ पासून एकही परवाना दिला गेला नव्हता, याची नोंदही न्यायालयाने घेतली.

नियमच नकोत, असा आमचा पक्ष नाही, आणि तो कोणी आमच्या गळ्यात घालू नये. २५ मार्च १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हॅपी लँड नावाच्या विनापरवाना क्लबात लावलेल्या आगीत ८७ माणसे मेली. बाहेर पडायला वाट नव्हती. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिल्सच्या आवारातील छतांवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबात २५. कमला मिल्समधली ती उपाहारगृहे डान्स बार नव्हती. तिथले गिऱ्हाईक प्रतिष्ठित होते आणि तिथल्या नाचण्याविषयी विधिमंडळात चर्चा झालेली नव्हती. बारा वर्षे शहराने बारमधल्या बाईच्या नाचावर लक्ष ठेवले. जिना, दार, छतावरचे ज्वलनशील आच्छादन यांच्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. आगीचा नियम कंटाळवाणा असतो. त्याच्यावर भाषण करता येत नाही.

नृत्यावरील बंदीच्या काळात बहुतेक बार 'ऑर्केस्ट्रा बार' झाले. नाच नाही, केवळ गाणे. एक की-बोर्ड, एखादा ऑक्टोपॅड, आणि हिंदी चित्रपटांतील गाणी म्हणणाऱ्या स्त्रिया. या परवान्यांतही एक अट होती: मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, त्याहून अधिक नाहीत. न्यूयॉर्कच्या निरीक्षकाने वाद्ये मोजली होती, इथल्याने बायका मोजल्या. पाचवी गायिका मंचावर आली तर परवान्याचा भंग. मग तिच्या गळ्यात काही का असेना. चार पुरुष नसतील, दोनच वादक असतील, तरी उरलेल्या दोन जागा स्त्रियांना देता येत नव्हत्या. ही अट स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे असे सांगितले गेले. संरक्षण झाले ते पाचव्या गायिकेचे. ती घरी बसली.

मुंबईच्या उच्च न्यायालयाला या अटीत वावगे दिसले नाही. हॉटेल प्रिया प्रकरणात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली. स्त्रियांचे संरक्षण करतो म्हणून त्यांच्या कामाच्या जागांची संख्या ठरवणे हे स्त्रियांविषयीच्या साचेबंद समजुतीतून येते, असा न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठाच्या निर्णयाचा आशय. आठही स्त्रिया असोत, आठही पुरुष असोत, किंवा कशीही मिसळ असो; मंचावर एकूण आठ जण चालतील.

आठ हा आकडा न्यायालयाने तसाच ठेवला. आमची मघाची मैफल, गवई, तबलजी, पेटी आणि तानपुरा, त्यात आरामात बसते. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज, सोंगाड्या, मावशी आणि गाणाऱ्या चौघी, असा फड त्या मंचावर उभा करायचा झाला, तर दोघांना खाली उतरावे लागेल.